हट्ट नव्हे, त्रास

कांहीं मुलें लहानपणापासूनच निराळीं वागतात. कुकरची शिटी होतांच कान दाबून किंचाळतात, नवा सदरा अंगास लागूं देत नाहींत, ठराविक अन्नावांचून दुसरा घांस घेत नाहींत. इतर लेंकरें खेळत असतां तीं एकटींच गाडीचें चाक फिरवीत बसतात. शेजारी त्यांस हट्टी म्हणतात, आईनें लाडावलें म्हणतात, गंडादोरा सुचवितात. ह्या तिन्ही समजुती खोट्या आहेत, असें आम्ही स्पष्ट सांगतों.

अशा ११ मुलांची हकीकत डॉक्टर लिओ कॅनर ह्यांनीं १९४३ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध केली. पुढें कित्येक वर्षें विद्वानांनींही आईच्या कोरडेपणास दोष दिला. १९६४ सालीं बर्नार्ड रिमलंड ह्यांनीं आपल्या ग्रंथांत तें मत खोडून काढिलें. ह्या अवस्थेस आज स्वमग्नता म्हणतात, व तिचें मूळ मेंदूच्या वाढींत आहे. निराळें वागणारें प्रत्येक मूल स्वमग्न असतें असें नाहीं. तथापि पुढील उपाय सर्वांसच हितकर आहेत.

पहिला, निरीक्षण. रडणें सुरू होण्यापूर्वीं काय घडलें, आवाज, गर्दी, कपडा कीं भूक, हें आठ दिवस ध्यानांत ठेवावें. दुसरा, त्रास कमी करणें. जुना मऊ सुती कपडा घालावा. घरांत एक शांत कोपरा त्याचा असावा. तिसरा, पूर्वसूचना. आंघोळ, जेवण, झोंप ह्यांचीं चित्रें क्रमानें भिंतीस लावून पुढें काय होणार तें दाखवावें. चौथा, संगत. तें खेळतें तेथें आपण बसावें, आणि "तुझी पाळी, माझी पाळी" म्हणत चेंडू लोटावा. प्रथम दोन मिनिटें पुरेत. डोळ्यांस डोळा देण्याची बळजबरी करूं नये. मारानें भय वाढतें, समज वाढत नाहीं.

वर्षाचें मूल नांवास ओ देत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द बोलत नसेल, अथवा आलेले शब्द विसरत असेल, तर "बोलेल पुढें" म्हणून थांबूं नये. कान तपासून घ्यावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ सालीं सुरू झाला. त्यांत अशा मुलांची तपासणी होते, आणि आशाताई किंवा अंगणवाडी सेविका वाट दाखवितात. २०१६ च्या कायद्यानें स्वमग्नतेस दिव्यांगत्वांत गणिलें आहे.

आईबापहो, तुमचें मूल तुम्हांस छळीत नाहीं. तें स्वतः छळलें जात आहे. आणि शेजाऱ्यांनो, सभेंत किंवा लग्नांत असें मूल ओरडलें तर आईकडे रोखून पाहूं नका. तिला बाहेर जावयास वाट द्या.