कर साखरेवर की बाटलीवर?

प्रश्न : कोल्ड्रिंकवर कर वाढवून लठ्ठपणा खरंच कमी होतो, की हा नुसता तिजोरी भरायचा उद्योग?

उत्तर : कर कशावर लावला, यावर सगळं अवलंबून आहे. ब्रिटनचा कर बघा, एप्रिल २०१८पासूनचा. १०० मिलिलिटरमध्ये साखर ५ ग्रॅमच्या आत असेल तर कर शून्य. ५ ते ८ ग्रॅमला सुरुवातीला लिटरमागे १८ पेन्स होते, त्यापुढे २४. घोषणा दोन वर्षं आधीच झालेली. तेवढ्यात बऱ्याच कंपन्यांनी मुकाट्यानं साखर ५ ग्रॅमच्या खाली आणली. गिऱ्हाईक तेच, सवय तीच, पण पोटात साखर कमी.

आपल्याकडे अशा पेयांवर ४० टक्के जीएसटी आहे, पण तो साखर मोजतच नाही. शुगर-फ्री बाटलीलाही तोच दर! मग कंपनीनं साखर का घटवावी?

अर्थात, एकट्या करानं कंबर बारीक होत नाही. मेक्सिकोत २०१४मध्ये कर आल्यावर गोड पेयांचा खप घटला, लठ्ठपणा मात्र ओसरला नाही. डेन्मार्कमध्ये चरबीवर कर लागताच लोक खरेदीला जर्मनीत जाऊ लागले. सव्वा वर्षात तो गुंडाळावा लागला. चिलीनं २०१६पासून जास्त साखर, मीठ, चरबीच्या पदार्थांच्या पाकिटांवर काळे अष्टकोनी शिक्के, शाळेत त्यांची विक्रीबंदी आणि जाहिरातींना लगाम, असं सगळं एकदम आणलं. मला हा मार्ग अधिक पटतो.

शाळेपासून ५० मीटरच्या आत असे पदार्थ विकायला आपल्याकडेही २०२०च्या नियमांनी मनाई आहे. गेटसमोरच्या टपरीवर वेफर्सच्या लडी लटकत असतील, तर पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत विषय काढा.