‘एकच द्या, आजच द्या!’

प्रश्न : डार्मश्टाटला घरी गिनीपिग पाळते, पिल्लं विकते. लोक रात्री अकराला फोटो मागतात, भाव पाडतात, एकाच पिल्लासाठी हटून बसतात. नाही कसं म्हणू?

उत्तर : ताई, भीड सोडा. गिनीपिग कळपात राहणारा प्राणी. ज्याच्या घरी दुसरा नाही, त्याला एकटं पिल्लू देऊच नका, मग तो कितीही रडो. जर्मनीच्या प्राणिसंरक्षण कायद्यानुसार १६ वर्षांखालील मुलांना पालकांच्या संमतीशिवाय प्राणी देता येत नाही. किंमत, भेटीची वेळ एकदाच लिहून पाठवा. रात्रीच्या निरोपाला सकाळी उत्तर. घासाघीस करणारा उद्या डॉक्टरचं बिल भरेल? मला शंका आहे. पैदास धंदा म्हणून करत असाल तर परवाना लागतो. पशुवैद्यकीय कार्यालयात आधी विचारून घ्या.