लंगडीच्या तासात बाद झालेले मूल

लंगडीला साहित्य लागत नाही. फक्कीने आखलेला चौकोन व खडे वेचून काढलेली जमीन एवढ्यावर भागते. म्हणूनच पहिली-दुसरीच्या तासाला शिक्षक तिची निवड करतात, आणि ते योग्यच होय.

परंतु खेळाच्या रूढ पद्धतीत एक दोष आहे. शिवले गेलेले मूल बाद होऊन बाहेर बसते. सर्वांत आधी बाद कोण होते? जे मंद धावते, ज्याला चटकन वळता येत नाही, तेच. म्हणजे ज्याला व्यायामाची गरज अधिक, त्याच्याच वाट्याला बसणे येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोमदार हालचाल सुचविली आहे. अशा मुलाची तासात किती मिनिटे भरतात, हे शिक्षकांनी एकदा घड्याळ लावून पाहावे.

बाद झालेल्या मुलाने चौकोनाबाहेरून लंगडी घालीत एक फेरी करावी व पुन्हा डावात यावे. अर्धी फेरी उजव्या पायावर, अर्धी डाव्यावर. कारण बहुतेक मुलांचा एक पाय कच्चा असतो. गुडघा किंचित वाकवून चवड्यावर उतरण्यास शिकवावे. स्पर्धेत पाय बदलता येत नाही खरा, पण सहा वर्षांच्या मुलाला तो नियम लावण्याची घाई कशाला? डाव तीन मिनिटांचा ठेवून शिवलेले गडी मोजावेत. पटाईत मुले कुरकुर करतील. त्यांच्यासाठी आठवड्यातून एक डाव जुन्या रीतीने खेळवावा.