गुडघे-खुबेदुखी आणि फिजिकल थेरपीचा हिशेब

भारतातून आईवडील सहा महिन्यांसाठी आले की पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट ध्यानात येते. येथील घरांत निजायच्या खोल्या वरच्या मजल्यावर, आणि आई कठडा धरून एकेक पायरी चढते. "वय झालं, गुडघे झिजलेत," एवढ्यावर विषय संपतो. आपल्या पिढीची कथाही फार वेगळी नाही. दिवसाचे आठ-दहा तास कॉम्प्युटरसमोर बसून चाळिशीच्या आतच खुबा धरलेली मंडळी आपल्यात थोडी नाहीत. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. परंतु घरातल्या दुखण्याच्या निमित्ताने जे वाचले आणि थेरपिस्टना जे विचारले, ते वाचकांसमोर ठेवीत आहे.

विश्रांती हा उपाय नव्हे

"झिजलेला सांधा वापरला तर आणखी झिजेल" ही समजूत घरोघरी आहे. प्रत्यक्षात सांध्यातील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातील द्रवातून होते आणि त्यासाठी हालचाल लागते. चालणे बंद केले की मांडीचे स्नायू अशक्त होतात, स्नायू अशक्त झाले की धक्के सांध्यावर बसतात, दुखणे वाढते आणि माणूस आणखी कमी चालतो. हे चक्र तोडणे हेच फिजिकल थेरपीचे काम. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हूमॅटॉलॉजी या संस्थेने २०१९ च्या मार्गदर्शिकेत गुडघ्याच्या व खुब्याच्या संधिवातासाठी व्यायामाची जोरदार शिफारस केली आहे. २०२० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये गुडघ्याच्या १५६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना स्टिरॉइडची इंजेक्शने दिली, काहींना फिजिकल थेरपी. वर्षाअखेर थेरपी घेतलेल्यांचे दुखणे कमी होते आणि हालचाल अधिक चांगली होती.

थोडे यंत्रशास्त्र

आपण एका पायावर उभे राहतो तेव्हा शरीराचे वजन त्या खुब्याच्या आतल्या बाजूला पडते. कंबर कलू नये म्हणून खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू ओढ देतात. तराजूची ही बाजू आखूड असल्याने त्यांना वजनाच्या जवळजवळ दुप्पट जोर लावावा लागतो. दोन्ही जोर मिळून सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. चालताना प्रत्येक पावलाला हे घडते.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, काठी दुखऱ्या बाजूच्या नव्हे, विरुद्ध बाजूच्या हातात धरावी. तेथे तरफ लांब असल्याने हातावर थोडासा जोर दिला तरी खुब्याचा भार बराच हलका होतो. दुसरी, वजनाची. २००५ च्या एका अभ्यासात असे दिसले की, शरीराचे एक पौंड वजन कमी झाले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार पौंडांनी कमी होतो.

घरी करण्याचे चार व्यायाम

१. उताणे निजून एक पाय गुडघ्यात दुमडा. दुसरा सरळ ठेवून फूटभर उचला, पाच अंक मोजा, खाली आणा.
२. उताणे निजून दोन्ही गुडघे दुमडा आणि कंबर वर उचला.
३. कुशीवर निजून वरचा पाय सरळ ठेवून वर उचला. खुब्यासाठी हा महत्त्वाचा.
४. खुर्चीवरून हात न टेकता उठा, सावकाश बसा. जमत नसल्यास खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा.

प्रत्येकी दहा वेळा, सुरुवातीला एक दिवसाआड. व्यायामात थोडे दुखले तर घाबरू नये. दुसऱ्या दिवशीपर्यंत पूर्ववत झाले तर मात्रा योग्य. दुखणे वाढून राहिले तर संख्या कमी करा, व्यायाम सोडू नका. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. खुब्याच्या बाहेरच्या बाजूस दुखत असेल तर पायावर पाय टाकून बसणे टाळा आणि कुशीवर निजताना गुडघ्यांमध्ये उशी घ्या. पूजेला मांडी घालण्याचा आग्रह काही महिने बाजूला ठेवून पाटाऐवजी खुर्ची घेतली तर देवाची हरकत नसावी.

आता पैशांचा भाग

अमेरिकेच्या सर्व राज्यांत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय फिजिकल थेरपिस्टकडे जाता येते, पण काही राज्यांत त्याला मर्यादा आहेत आणि काही इन्शुरन्स कंपन्या चिठ्ठी मागतात. आधी फोन करून तीन प्रश्न विचारा: थेरपिस्ट नेटवर्कमध्ये आहे का? वर्षाला किती व्हिजिट मिळतात? डिडक्टिबल किती उरले आहे? बहुतेक योजनांचे डिडक्टिबल जानेवारीत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ते या वर्षी भरून झाले असेल तर थेरपी डिसेंबरपूर्वी उरकणे फायद्याचे. एफएसए किंवा एचएसएचे पैसेही यासाठी वापरता येतात.

पाहुण्या आईवडिलांचा प्रश्न अवघड आहे. व्हिजिटर इन्शुरन्समध्ये जुन्या दुखण्याचा खर्च सहसा मिळत नाही. अशा वेळी रोख पैसे देण्याचा दर विचारा. तो बिलातील दरापेक्षा पुष्कळदा कमी असतो. पहिली तपासणी आणि त्यानंतर दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दोन-तीन व्हिजिट एवढेच घ्यायचे ठरवा आणि पहिल्याच दिवशी थेरपिस्टला तसे सांगा. व्यायाम मराठीत लिहून फ्रीजवर लावा. थेरपिस्ट आठवड्यातून एक तास भेटतो, बाकीचे १६७ तास आपलेच असतात. गुण येतो तो त्या तासांतल्या व्यायामाने, आणि त्यालाही आठ ते बारा आठवडे द्यावे लागतात.

केव्हा थांबू नये

सांधा लाल, गरम, सुजलेला आणि सोबत ताप. पडल्यावर पायावर भार न देता येणे. गुडघा अडकून बसणे. पोटरी सुजून दुखणे. रात्री झोप मोडणारे, न थांबणारे दुखणे. अशा वेळी व्यायाम न करता आधी डॉक्टरांना गाठावे. हृदयविकार असल्यास किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असल्यास वरील व्यायामही त्यांना विचारूनच सुरू करावेत.

आईवडील परत जाताना बॅगेत औषधांच्या बाटल्या भरतोच. त्याबरोबर फ्रीजवरचा तो कागदही द्यावा.