दोन विमान कंपन्या एक होतात तेव्हा

कांद्याच्या लिलावात बोली लावणारे दहा व्यापारी असले म्हणजे शेतकऱ्याला भाव मिळतो. त्यांतील आठ निघून गेले आणि दोघेच उरले, तर भाव त्या दोघांच्या मर्जीवर राहतो. मग ते दोघे चांगले की वाईट, हा प्रश्न दुय्यम ठरतो. चांदवडच्या बाजारात वावरणाऱ्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागत नाही. हाच हिशेब विमानाच्या धंद्याला लावून पाहू.

आपला आणि विमानाचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. आपली मुले आखातात नोकरीला जातात, घरातील वडीलधारे हज व उमऱ्यासाठी जातात. चांदवडहून नाशिककडे निघाले की पिंपळगाव बसवंतच्या पुढे ओझरचा विमानतळ लागतो. तेथील मालवाहतूक केंद्रातून शेळ्या-मेंढ्या विमानाने शारजाला गेलेल्या आहेत. भाडे वाढले की त्याचा भार शेवटी मालाच्या किमतीवर किंवा आपल्या नफ्यावर पडतो.

सरकार मध्ये का पडते?

दोन कंपन्या एक झाल्या की खर्च वाचतो, हे खरे आहे. एकच कचेरी, एकच दुरुस्तीखाना, एकच हिशेब. परंतु वाचलेला पैसा गिऱ्हाइकाला मिळेलच असे नाही. ज्या मार्गावर पूर्वी दोघांत चढाओढ होती तेथे एकच उरला, तर त्याला भाडे कमी ठेवण्याचे कारण राहत नाही. म्हणून बहुतेक देशांत मोठ्या विलीनीकरणाला आधी सरकारी मंजुरी लागते. आपल्याकडे हे काम भारतीय स्पर्धा आयोग करतो. त्याचा कायदा २००२ चा आहे, पण विलीनीकरणाबाबतची कलमे १ जून २०११ पासून अमलात आली.

हा उशीर महाग पडला. २००७ या एकाच वर्षात जेट एअरवेजने एअर सहारा १,४५० कोटी रुपयांना घेतली, किंगफिशरने एअर डेक्कनमध्ये हिस्सा घेतला आणि एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स या सरकारी कंपन्या एक झाल्या. सहाच्या तीन झाल्या, आणि विलीनीकरण तपासणारी कलमे तेव्हा अमलातच नव्हती. पुढे किंगफिशर ऑक्टोबर २०१२ मध्ये व जेट एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली. जेटने जून २०१८ मध्ये 'उडान' योजनेत सुरू केलेली नाशिक–दिल्ली सेवाही तिच्याबरोबर गेली. दुसऱ्याला विकत घेऊन मोठी झालेली कंपनी मजबूत असतेच असे नाही, हा यातला पहिला धडा.

अटी घालून मंजुरी

जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे आली. टाटा व सिंगापूर एअरलाइन्स यांची मिळून विस्तारा ही कंपनी होती. ती एअर इंडियात विलीन करण्याचे नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झाले. जून २०२३ मध्ये स्पर्धा आयोगाने कारणे दाखवा नोटीस काढली. या व्यवहाराने स्पर्धेला धक्का बसेल, तर सखोल चौकशी का करू नये, असा त्याचा मतलब. कंपन्यांनी काही हमी दिल्या आणि त्या पाळण्याच्या अटीवर १ सप्टेंबर २०२३ रोजी मंजुरी मिळाली. सिंगापूरच्या आयोगानेही मार्च २०२४ मध्ये अटीवरच होकार दिला. दिल्ली, मुंबई, चेन्नई व तिरुचिरापल्ली या मार्गांवरील आसनांची संख्या घटवू नये, अशी ती अट होती. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा हे नाव संपले.

अमेरिकेत थेट मनाई

अमेरिकेत सरकार याहून पुढे गेले. जेटब्लू या कंपनीने स्पिरिट ही अति स्वस्त भाड्याची कंपनी ३८० कोटी डॉलरला घेण्याचा करार जुलै २०२२ मध्ये केला. न्याय खात्याने मार्च २०२३ मध्ये दावा लावला. स्पिरिट ज्या मार्गावर उतरते तेथे इतरांनाही भाडे उतरवावे लागते, ती नाहीशी झाली तर गरीब प्रवाशाचे नुकसान होईल, असे सरकारचे म्हणणे होते. १६ जानेवारी २०२४ रोजी बोस्टनच्या न्यायालयाने ते मान्य करून विलीनीकरणाला मनाई केली. मार्चमध्ये करार मोडला.

परंतु त्याच वर्षी नोव्हेंबरात स्पिरिटने दिवाळखोरी कायद्याचा आसरा घेतला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा. म्हणजे न्यायालय विक्री थांबवू शकते, पण तोट्यातल्या दुकानात नफा आणू शकत नाही. म्हणून सरकारचा निर्णय चुकला असे काही जण म्हणतात. दुसरे म्हणतात की स्वस्त भाड्याची कंपनी आपल्या हाताने मोठ्याच्या घशात घालणे हा उपाय नव्हे. वाचकांनी दोन्ही बाजू तोलून पाहाव्यात.

विलीनीकरणाशिवायही मक्तेदारी

आपल्याकडे इंडिगो अशा विलीनीकरणांतून मोठी झालेली नाही. इतर बंद पडत गेल्या आणि ती वाढत गेली. २०२५ मध्ये देशातील शंभर प्रवाशांपैकी साठाहून अधिक तिच्या विमानांत बसत होते. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पाळताना तिचे वेळापत्रक कोसळले, हजारो उड्डाणे रद्द झाली. दुसरीकडची भाडी इतकी चढली की सरकारला ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये अशी कमाल मर्यादा घालावी लागली. गिऱ्हाइकाला दुसरे दार नसले की काय होते, ते देशाने त्या आठवड्यात पाहिले.

कायदा लहानांनाही लागू

मालवाहतुकीच्या इंधन अधिभारात संगनमत केल्याबद्दल जेट, इंडिगो व स्पाइसजेट यांना आयोगाने २०१५ मध्ये दंड केला. अपिलात तो आदेश रद्द होऊन प्रकरण परत आले आणि मार्च २०१८ मध्ये कमी रकमेचा दंड पुन्हा लागला. तक्रार केली होती कुरियर व्यवसायाच्या संघटनेने. एकट्याचा आवाज पोहोचत नाही, तेथे संघटनेचा पोहोचतो.

मात्र आरशाची दुसरी बाजूही पाहावी. एकाच धंद्यातील लोकांनी बसून भाव ठरवणे, गिऱ्हाईक किंवा गावे वाटून घेणे, निविदेत आधीच ठरवून बोली लावणे, हे सारे याच कायद्यात बसते. संघटना हक्कांसाठी असावी, भाव बांधण्यासाठी नको.

आपण काय करावे?

१. कच्चा माल, वाहतूक व विक्री, प्रत्येकासाठी निदान दोन ठिकाणे राखावीत. दुसऱ्याकडे दर थोडा जास्त असला तरी थोडा व्यवहार चालू ठेवावा.

२. आपला पुरवठादार दुसऱ्याने विकत घेतल्याचे कळताच जुने दर व उधारीची मुदत लेखी करून घ्यावी.

३. अधिभार, हाताळणी अशा नावांनी बिलात वाढलेली रक्कम दर महिन्याला तपासावी. सर्वांचे दर एकाच दिवशी सारखेच वाढले, तर बिले जपून ठेवावीत.

४. उमरा किंवा आखाताचे तिकीट काढताना मुंबईखेरीज दुसऱ्या विमानतळाचे भाडेही विचारावे.

अभ्यासासाठी प्रश्न

आपल्या धंद्यात माल देणारे खरोखर किती आहेत? त्यांतले कोणते एकाच मालकाचे? उद्या त्यांतला सर्वांत मोठा बंद पडला, तर आठ दिवस आपले काम कोणाच्या जोरावर चालेल? उत्तरे वहीत लिहून ठेवावीत आणि दर वर्षी हिशेब मांडताना पुन्हा वाचावीत.