पहिल्या पानाचे आमिष
लहान दुकानदारांसाठी चार हिताच्या गोष्टी

आपल्या न्यासाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत सभासदांच्या रोजच्या संसाराला उपयोगी पडेल असे काही असावे, या संपादक मंडळींच्या इच्छेला मान देऊन हा लेख लिहीत आहे. विषय नवा आहे. त्यातील लबाडी मात्र जुन्या बाजारातलीच आहे.

निंबर्गा व आळंद तालुक्यातील आपली बहुतेक कुटुंबे लहान धंद्यावर जगतात. कोणाचे किराणा दुकान आहे, कोणाची डाळीची गिरणी, तर कोणाचे शिलाईचे यंत्र. पूर्वी गिऱ्हाईक दुकानाची पाटी पाहून आत येई. आता अक्कलकोटचे किंवा उमरग्याचे गिऱ्हाईक आधी फोनवर शोध घेते आणि मग घराबाहेर पडते. तेव्हा फोनवरील त्या यादीत आपले नाव दिसावे, ही दुकानदाराची इच्छा रास्तच आहे. पण या रास्त इच्छेवरच काही लोकांनी आपला धंदा उभारला आहे.

एक घडलेली गोष्ट

आमच्या नात्यातील एक गृहस्थ तूरडाळ तयार करून विकतात. एके दिवशी त्यांना फोन आला, "आम्ही गूगलतर्फे बोलतो. तीस दिवसांत तुमचे दुकान पहिल्या पानावर आणून देऊ, लेखी हमी देतो." गिरणीच्या नव्या मोटारीसाठी बाजूला ठेवलेले १८,००० रुपये त्यांनी पाठविले. महिन्याने त्या माणसाने एक चित्र धाडले. त्यात खरोखरच त्यांचे दुकान सर्वांच्या वर होते! घरात पेढे वाटले गेले.

पुढे दोन महिन्यांत नवे गिऱ्हाईक एकही आले नाही. मग कॉलेजात शिकणाऱ्या त्यांच्या मुलीने ते चित्र नीट पाहिले. शोधाच्या चौकटीत दुकानाचे संपूर्ण नाव आणि गावाचे नाव लिहिलेले होते. ज्याला आपले पूर्ण नाव ठाऊक आहे, त्याला आपले दुकान सापडणारच. त्यासाठी १८,००० रुपये कशाला? 'तूरडाळ' एवढेच शब्द लिहिल्यावर दुकानाचा पत्ता नव्हता. विचारणा करण्यासाठी फोन लावला, तर तो बंद. शिवाय वेबसाइटचे नावही त्या माणसाने स्वतःच्याच नावे नोंदविलेले निघाले. पैसे गेले ते गेले, दुकानाची पाटीही परक्याच्या हाती राहिली.

शोधयंत्र काम कसे करते

फसवणूक ओळखावयाची तर मूळ व्यवहार समजला पाहिजे. गूगलसारखे शोधयंत्र जगभरातील वेबसाइटींची पाने सतत वाचीत असते, त्यांची मोठी सूची करून ठेवते, आणि कोणी काही विचारले की त्या सूचीतून योग्य वाटणारी पाने क्रमाने पुढे मांडते. १९९८ साली लॅरी पेज व सर्गे ब्रिन यांनी गूगल कंपनी काढली. एखाद्या पानाचा निर्देश इतर किती आणि कोणत्या पानांनी केला आहे, यावरून त्याचे महत्त्व ठरवावे, ही त्यांची मूळ कल्पना. चार भले लोक ज्याचे नाव सांगतात त्याच्याकडे आपण जातो, तसेच हे. आज क्रम लावताना याखेरीज इतर अनेक गोष्टी पाहिल्या जातात. शोधणारा कोठे आहे यावरही क्रम बदलतो. म्हणून एजंटाच्या फोनवर दिसणारा क्रम गिऱ्हाइकाच्या फोनवर दिसेलच असे नाही.

आपले पान या यंत्राला आणि वाचणाऱ्यालाही नीट समजावे, म्हणून त्याची सुधारणा करणे, यालाच सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन किंवा थोडक्यात एस.ई.ओ. म्हणतात. हे काम खरे आहे आणि ते प्रामाणिकपणे करणारे लोकही आहेत. परंतु दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. पहिली, गूगल नेहमीच्या निकालांत पैसे घेऊन कोणालाही वर चढवीत नाही. पैसे देऊन मिळते ती जाहिरातीची जागा, आणि तिच्यावर तसा शब्द छापलेला असतो. दुसरी, पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलनेच जाहीर केले आहे. सुधारणेचा गुण दिसावयास बहुधा चार महिने ते एक वर्ष लागते. जी वस्तू विकणाऱ्याच्या मालकीचीच नाही, ती तो आपल्याला कशी विकणार?

फसवणुकीचे नेहमीचे प्रकार

हमीचा प्रकार वर आलाच. दुसरा प्रकार धाकाचा. "आज पैसे भरले नाहीत तर नकाशावर तुमचे दुकान कायमचे बंद असे दिसेल," अशी फोनवर भीती घातली जाते. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातील एक मंडळी असेच फोन करीत होती; तेथील फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ साली तिच्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. नकाशावर दुकानाची नोंद करणे आणि ती चालू ठेवणे यासाठी गूगल एक पैसाही घेत नाही, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हा धाक बाधत नाही.

तिसरा प्रकार घाऊक शिफारशींचा. "हजार वेबसाइटींवर तुमचा निर्देश करून देतो," किंवा "शंभर उत्तम अभिप्राय लिहवून देतो," असे सांगतात. ही विकत घेतलेली साक्ष होय. २०१२ सालापासून गूगलने अशा बनावट निर्देशांविरुद्ध विशेष कडक धोरण धरले. अभिप्रायांच्या बाबतीत आपल्या देशात भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली स्वतंत्र मानक काढले आहे.

चौथा प्रकार खोट्या बिलाचा. वेबसाइटच्या नावाला डोमेन म्हणतात. त्याचे भाडे वर्षावर्षाला भरावे लागते. ते भरण्याची मुदत संपत आल्याची पत्रे भलतेच लोक पाठवितात. ज्याच्याकडे नोंद केली त्याचेच बिल भरावे. इतर पत्रे बाजूला ठेवावीत.

मोठ्यांनाही सुटका नाही

लबाडीच्या मार्गाने वर जाणाऱ्यास पुढे खाली यावे लागते, याचे दाखले आहेत. शोधयंत्राला एक आणि वाचकाला दुसरेच दाखविणारी पाने ठेवल्याबद्दल २००६ साली बी.एम.डब्ल्यू. या मोटार कंपनीची जर्मन वेबसाइट गूगलने काही काळ सूचीतून काढून टाकली. २०११ च्या फेब्रुवारीत 'न्यूयॉर्क टाइम्स'ने जे. सी. पेनी या अमेरिकन दुकानसाखळीसाठी पेरलेले हजारो बनावट निर्देश उघडकीस आणले. आपल्याला त्याची कल्पना नव्हती असे कंपनीने सांगितले व ते काम पाहणाऱ्या संस्थेला काढून टाकले. तरीही तिचे नाव निकालांत घसरलेच. एजंटाने केलेल्या कर्माचे फळ मालकाच्या पदरात पडते. मोठी कंपनी असा धक्का सोसते. आपल्यासारख्याचे दुकान त्यातून सावरणे कठीण.

आपण काय करावे

प्रथम जे फुकट आहे ते स्वतः करावे. गूगल बिझनेस प्रोफाइल या सोयीत दुकानाची नोंद करावी. पडताळणीसाठी येणारा सांकेतिक अंक कोणालाही सांगू नये. वेळ, फोन क्रमांक आणि मालाची स्वतः काढलेली छायाचित्रे घालावीत.

पत्ता पूर्ण लिहिण्याकडे आपण विशेष लक्ष दिले पाहिजे. आपले गाव निंबर्गा. निंबर्गी नावाची गावे विजयपूर जिल्ह्यात इंडी तालुक्यात आणि सोलापूरकडेही आहेत. जिल्ह्याचे नाव २०१४ साली गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले, परंतु जुने नाव अनेकांच्या तोंडी अद्याप आहे. म्हणून तालुका, जिल्हा व पिनकोड द्यावा, आणि माहितीत जुन्या नावाचाही उल्लेख असावा. मजकूर मराठी व कन्नड दोन्हींत लिहावा. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. हे भूषण खरेच. पण ते नाव वापरण्यास नोंदणीचे नियम आहेत, ते पाहूनच वापरावे.

माणूस नेमावयाचाच असेल तर त्याला पुढील प्रश्न विचारावेत :

१. कोणत्या शब्दांसाठी काम करणार? ते शब्द गिऱ्हाईक खरोखर लिहिते काय?
२. दर महिन्याला नेमके कोणते काम करणार, ते लिहून देता काय?
३. डोमेन व प्रोफाइल माझ्याच नावे राहील ना? (एजंटाला व्यवस्थापक करावे, मालक करू नये.)
४. सर्च कन्सोल या गूगलच्या मोफत सोयीत माझ्या खात्यावरूनच हिशेब पाहता येईल ना?
५. बिल देणार ना? त्यावर जी.एस.टी. क्रमांक असेल तर तो सरकारी संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतो.

या प्रश्नांनी प्रामाणिक माणूस रागावत नाही. जो घाई करतो, वर्षाचे पैसे आगाऊ मागतो, किंवा "आमची पद्धत गुप्त आहे" असे म्हणतो, त्याला दुरूनच नमस्कार करावा.

फसलोच तर

लाजेने गप्प बसू नये. पैसे पाठविल्यावर संशय आला तर त्याच घटकेस बँकेला कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितका उशीर, तितकी रक्कम हातची जाते. संदेश, पावत्या, फोन क्रमांक जपून ठेवावेत. आपले पासवर्ड ताबडतोब बदलावेत.

आमच्या त्या गृहस्थांची गोष्ट तेथेच संपली नाही. मुलीने दोन संध्याकाळी बसून प्रोफाइल तयार केले. खर्च काही नाही. गल्ल्याजवळ त्यांनी एक वही ठेवली आहे. नवे गिऱ्हाईक आले की ते विचारतात, "आमचा पत्ता तुम्हाला कोठे मिळाला?" आणि उत्तर टिपून ठेवतात. पहिल्या पानावर आपण आहोत की नाही, यापेक्षा ही वही त्यांना अधिक खरे सांगते.

न्यासाच्या तरुण मंडळींनी महिन्यातून एक संध्याकाळ काढून सभासदांच्या दुकानांची अशी नोंद करून द्यावी, अशी माझी सूचना आहे. फोनवर आमिष आले तर पैसे पाठविण्यापूर्वी विचारावयास आपले माणूस जवळ असले, म्हणजे गिरणीच्या मोटारीचे पैसे मोटारीलाच लागतील.