लवचिक अंगाला जपा

यिन योगात, म्हणजे एकेका आसनात काही मिनिटं न हलता राहण्याच्या योगप्रकारात, दुखापत होईल ती ताठ अंगाच्या माणसाला, असं सगळेच धरून चालतात. माझं अंग लहानपणापासून सैल. हाताचा अंगठा मागे वाकवला की थेट हाताला टेकतो, गुडघे न वाकवता तळवे जमिनीला लागतात. म्हणून वर्गात माझ्याकडे बोट दाखवून ‘असं जमायला हवं’ असं इतरांना सांगितलं जायचं.

पाय लांब करून पुढे वाकायचं आणि पाच मिनिटं तसंच पडून राहायचं. यिनमध्ये याला ‘कॅटरपिलर’ म्हणतात, आपल्या पश्चिमोत्तानासनाचंच हे सैल रूप. मी त्यात असताना शिकवणाऱ्या बाईंनी पाठीवर हात ठेवून मला आणखी खाली दाबलं. त्या वेळी काहीच दुखलं नाही. पुढच्या आठवड्यांत मात्र बसलं की डाव्या बैठकीच्या हाडाशी, बोट ठेवून दाखवता येईल अशी कळ यायला लागली. ऑफिसच्या खुर्चीत एका बाजूला कलून बसावं लागे. जिना चढताना नेमकी तीच जागा ओढायची.

फिजिओथेरपिस्टने मला पालथं झोपवलं, गुडघा वाकवायला सांगितला आणि टाच हाताने अडवून धरली. कळ तिथेच उठली. मग तिने समजावलं. मांडीमागचे स्नायू कंडरेने बैठकीच्या हाडाला जोडलेले असतात. फार खोल वाकलं की ती कंडरा हाडावर दाबली जाते. ताठ माणसाला मांडीच्या मध्यावर ओढ लागते आणि तो आपसूक थांबतो. सैल सांध्यांच्या माणसाला तो इशारा उशिरा मिळतो, तोवर ताण जोडावर जाऊन बसलेला असतो. तिने ताणणं पूर्ण बंद केलं आणि पाठीवर झोपून कंबर उचलण्यासारखे ताकदीचे व्यायाम दिले. कंडरेचं दुखणं चिवट असतं, बरं व्हायला कित्येक महिने गेले.

मला खरी चीड आली ती नंतर, यिन योगाबद्दल वाचताना. १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत पॉली झिंक या मार्शल आर्ट्सच्या शिक्षकाने हा प्रकार शिकवायला सुरुवात केली. पुढे पॉल ग्रिली आणि सारा पॉवर्स यांनी तो जगभर नेला. त्यातले नियम तीनच: अंगाला झेपेल तिथवर जा, हलू नका, वेळ द्या. प्रत्येकाच्या हाडांची ठेवण वेगळी, खुब्याची खोबण वेगळी, म्हणून दोघांचं आसन सारखं दिसणारच नाही, हे ग्रिली आवर्जून सांगतात. मग पाठीवर दाब द्यायला जागाच कुठे उरते?

मी यिन सोडला नाही. आता गुडघ्यांखाली लोड, छातीखाली दुसरा, कपाळाखाली चादरीची घडी. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी लोड, पट्टे आणि विटांचा आधार घेऊन आसनं शिकवली, त्यामुळे हे सामान आपल्याकडे नवं नाही. संध्याकाळी अशी तीन-चार मिनिटं एका आसनात काढली की श्वास आपोआप लांबतो, दिवसभर आवळून धरलेला जबडा सुटतो, खुब्यातला आखडलेपणा कमी होतो. मला झोपही चांगली लागते. एवढ्यासाठी तरी हा प्रकार जपून करण्यासारखा आहे.

जपायचं म्हणजे काय, तर दुखण्याची जात ओळखायची. स्नायूच्या मध्यावर पसरलेली बोथट ओढ चालते. सांध्यात, हाडाशी एका ठिपक्यावर टोचणारी कळ किंवा पायात मुंग्या आल्या, तर मिनिटं मोजत बसू नका, लगेच बाहेर या. पाय घडी घालून पुढे झुकण्याच्या ‘स्लीपिंग स्वान’मध्ये गुडघा बोलला, तर पाठीवर झोपून एका पायाचा घोटा दुसऱ्या मांडीवर ठेवा. खुब्याला तोच ताण मिळतो, गुडघा वाचतो. झोपेतून उठल्या उठल्या खोल पुढे वाकू नका. रात्रभरात मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. हाडं ठिसूळ झालेल्यांनी पाठ गोल करून वाकणं टाळावं. गरोदरपणात सांधे आधीच सैल होतात, तेव्हा नेहमीपेक्षा बरंच अलीकडे थांबावं. सायटिका किंवा मणक्याची गादी सरकलेली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवातच करू नये.

आसनातून बाहेर येताना झटका नको. हातांनी जमीन ढकलत उठा, मिनिटभर नुसतं पडून राहा. तुमचं अंग माझ्यासारखं सैल असेल, तर आठवड्यातून दोनदा तरी ताकदीचा व्यायाम याला जोडा. आणि नव्या वर्गात गेलात की पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगून ठेवा, ‘मला हाताने दाबायचं नाही.’